राणी लहान कुणी केली?

मार्च संपत आला होता. एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात बैठक होती आणि बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या होत्या. ऊन चढल्याशिवाय कुणी परतणार नव्हतं. म्हणून मी गावाच्या कडेच्या कुर्मा घराकडे गेले. दूरच्या मैत्रिणींसाठी सांगते: माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईनं घरात राहायचं नाही, चुलीला आणि पाण्याला शिवायचं नाही, गावाबाहेरच्या झोपडीत दिवस काढायचे. ती झोपडी म्हणजे कुर्मा घर. काही गावांत आता पक्क्या भिंतींची विसावा केंद्रं झाली आहेत. इथे अजून कुडाच्या भिंती होत्या आणि वाकून आत शिरावं लागत होतं.

आत तीन मुली आणि एक चाळिशीची बाई, डोक्याला डोकं लावून पत्ते खेळत होत्या.

साधे पत्ते नव्हेत. आठवडी बाजारात दुकानाच्या दारावर दहा रुपयांची चकचकीत पाकिटं लटकत असतात, त्यातली सोनेरी पानं. पोकेमॉनची. हा खेळ १९९६ साली जपानात निघाला. आपल्याकडे बाजारात येतो तो बहुतेक नकली माल. पोरं खाऊचे पैसे घालून ही पानं जमवतात, अदलाबदल करतात, एकेका पानासाठी मारामाऱ्या करतात. मुली जमवत नाहीत, कारण मुलींच्या हातात खाऊचे पैसे नसतात. मग या मुलींकडे पानं आली कुठून? त्यातली सगळ्यात लहान नववीत होती. भावानं आपला गठ्ठा तिच्या दप्तरात ठेवला होता, आणि ती दप्तर घेऊनच इथे आली. झालं, पानं बाटली. आता भाऊ त्यांना हात लावेना. रडला, आदळआपट केली, शेवटी निदान ते एक चमकणारं पान तरी धुऊन द्या म्हणू लागला. मुलींनी दिलं नाही. अशा रीतीनं ४३ पानं त्यांच्या मालकीची झाली. पाळी संपली की पानं डब्यात घालून इथेच ठेवायची, पुढची येईल तिनं खेळायची.

विटाळामुळे बाईला काही मिळालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. याचा अर्थ कुर्मा घर चांगलं असा कुणी काढू नये. पावसाळ्यात त्या झोपडीत साप निघतात, आणि तिथे आजारी पडलेल्या बाईला बाहेर काढताना लोक उगाच वेळ घालवतात. माझं म्हणणं वेगळं आहे.

मी विचारलं, "यातलं भारी पान कोणतं?"

लहानी म्हणाली, "भारी कशात, ताई?"

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी दहा वर्षं या दोन जिल्ह्यांत हिंडते आहे. सत्ता म्हणजे काय, ती कुठून येते, यावर शिबिरांत तासतास बोलते. पण पत्त्यातलं भारी पान कशात भारी, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. राजा भारी, त्याच्याखाली राणी, त्याच्याखाली गुलाम. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे पाठ करून मी मोठी झाले. माझ्या लहानपणी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं होती. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले असायचे आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकायचा. माझ्या गड्डीत एकही बाई नव्हती. छाती आणि दंड मोजायचे म्हटल्यावर असणार तरी कशी? काय मोजायचं हे छापणाऱ्यानं आधीच ठरवलं होतं.

या मुलींना पानांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक पानाला स्वतः नाव दिलं होतं. रागीट कोंबडी, फुगलेला बेडूक, एकाचं नाव 'मास्तर'. नियमही त्यांचे होते. जिची उतारी तिनं आधी सांगायचं, 'मोठं' की 'लहान'. 'लहान' म्हटलं की ज्याच्यावर आकडा कमी ते पान जिंकणार. एका पानावर माणूस होता, एक बाई. तिच्यावर आकडाच नव्हता. अशा पानांना मूळ खेळात आकडा नसतोच, मग बाई असो की पुरुष, असं मला नंतर कळलं. पण या ४३ पानांत माणूस एकच, ती बाई, आणि तिच्यावर आकडा नाही. मुलींनी त्यावर बरीच चर्चा केली होती. "आकडाच नाई तं हिले खेळवाचं कसं?" शेवटी ठरलं, की ती ज्याच्या हातात येईल त्यानं तिचा आकडा सांगायचा, आणि तो बाकीच्यांनी मान्य करायचा.

माझ्या पिशवीतही पत्ते होते. ते काढायला नको होते, पण काढले.

ते पत्ते एका मोठ्या संस्थेनं किशोरींच्या शिबिरांसाठी छापून घेतलेले. ५२ पानं, गुळगुळीत कागद, चांगली रंगीत चित्रं. एक्का म्हणजे कायदा. राजाच्या जागी डॉक्टर, अधिकारी, शिक्षक आणि पोलीस, चौघेही पुरुष. राणीच्या जागी अंगणवाडी सेविका, आशा, नर्स आणि बचत गटाची अध्यक्ष. त्याखाली उतरत्या क्रमानं 'जागरूक माता', 'साक्षर मुलगी', असं करत करत तळाला दुर्री. दुर्रीवर डोक्यावर हंडा, कडेवर मूल, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली आदिवासी बाई, आणि खाली छापलेलं 'अज्ञानी माता'.

मुलींनी दोन मिनिटांत सगळी पानं चाळली. "हे शाळेचं हाय," एक म्हणाली आणि तिनं गठ्ठा माझ्याकडे सरकवला. दुसरी अजून शोधत होती. "याच्यात आमी कोनत्या?" मी काही बोलायच्या आत त्या चाळिशीच्या बाईनं दुर्री उचलली. तिला वाचता येत नाही, पण माळा ओळखू आल्या. तिनं पान जरा वेळ धरलं, मग पालथं घालून खाली ठेवलं आणि त्या सोनेरी पानांकडे वळली. "कोनाची उतारी?"

हा संच ज्या समितीनं मंजूर केला तिच्यात मी होते. नागपूरच्या बैठकीत चित्रं फिरवली गेली तेव्हा मी 'छान आहेत' म्हटल्याचं मला आठवतं. अक्षरं मोठी हवीत, एवढीच सूचना केली होती.

आता त्या संचाची दुसरी आवृत्ती छापायचं चाललं आहे, या वेळी दोन्ही जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांसाठी. त्याला विरोध करावा म्हणून मी हे लिहिते आहे. चंद्रपूरच्या आमच्या समन्वय बैठकीत मी विषय काढला तेव्हा जे ऐकायला मिळालं, त्याचं उत्तर देणं भाग आहे.

एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं सरळ विचारलं, की आपण आता पत्त्यांवर वेळ घालवायचा का? तिचा राग मला समजतो. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ साली, आणि २०२१ मध्ये चंद्रपूरची उठली. त्या लढ्यात या बाईनं आयुष्य घातलं आहे. पत्ते म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर येतो तो तेंदूपत्त्याच्या हंगामाचा पैसा. बाईनं भर उन्हात पानं तोडून पुडे बांधायचे आणि नवऱ्यानं तो पैसा एका रात्रीत तीन पत्तीवर घालवायचा. पोळ्याला, दिवाळीला गावोगाव हे चालतं. कोण नाकारेल? पण तेवढ्यावरून पत्ते हा पुरुषांचा विषय ठरवून आपण हात झटकले. पारावर पत्ते कुटत बसलेले पुरुष आपण रोज पाहतो. पारावर पत्ते कुटत बसलेल्या बाया कुणी पाहिल्या आहेत? रिकामा वेळ, बसायला जागा आणि 'बसली आहे' म्हणून कुणी बोलणार नाही ही खात्री, या तीन गोष्टी असतील तर पत्त्यांचा डाव मांडता येतो. आपल्या गावांतल्या बाईला त्या मिळतात त्या फक्त कुर्मा घरात. वेतन आणि जमिनीच्या हक्काबरोबर खेळण्याच्या हक्काची मागणी आपल्या जाहीरनाम्यांत का नसते, हे मला खरंच कळत नाही.

दुसऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, खेळच तर आहे. चित्रं काय, राजा-राणी काय, पोरं मजेसाठी खेळतात.

हे 'खेळच तर आहे' जाहिरातींबद्दल, सिनेमाच्या गाण्यांबद्दल, भातुकलीबद्दल म्हटलं गेलं तेव्हा आपण कडाडून भांडलो. पत्त्यांनाच सूट का? पत्त्यांचा कॅट म्हणजे तर उतरंड शिकवायचं यंत्र. दुसऱ्या कुठल्या खेळात पोराला इतक्या लहानपणी आणि इतक्या वेळा सांगितलं जातं की राणी राजापेक्षा एका पायरीनं लहान? आणि हे काही निसर्गानं ठरवलेलं नाही. आपण खेळतो ती पानं फ्रेंच वळणाची. स्पेनच्या जुन्या पत्त्यांत राजा, घोडेस्वार आणि हुजऱ्या आहेत, राणी नाहीच. जर्मनीच्या जुन्या पत्त्यांत राजा आणि त्याचे दोन अंमलदार, वरचा आणि खालचा. तिथेही राणी नाही. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं, की हिला घ्यायची की नाही, आणि घेतली तर कुठे बसवायची. केरळात अठ्ठावीस नावाचा खेळ आहे. त्यात सगळ्यात भारी पान गुलाम, मग नव्वी, मग एक्का, दश्शी आणि त्यानंतर राजा. केवढी क्रांती! गुलाम राजाच्या डोक्यावर बसला. आणि राणी? राजाच्या खाली, होती तिथेच. आपल्या चळवळींच्या इतिहासाशी हे इतकं जुळतं की हसावं की रडावं कळत नाही. पूर्वी संगणकाबरोबर फुकट यायचा तो 'हार्ट्स'चा डाव खेळला असेल तर आठवा: त्यात इस्पिकची राणी ज्याच्या गळ्यात पडेल त्याला १३ दोषगुण. सगळ्यांनी मिळून एका काळ्या राणीला टाळायचं. खेळच तर आहे.

आता गंजिफा. हा आपल्या मुलखातला जुना खेळ. इराणातून आला, १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे त्याची दशावतारी गंजिफा झाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पानं, एकूण १२०. सावंतवाडीला ही गोल पानं हातानं रंगवतात, वर लाखेचं रोगण चढवतात. ही कला मरणपंथाला लागली होती. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यानं राजवाड्यात कारखाना काढून ती जगवली, आणि त्यात पुढाकार होता राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांचा. त्या २०१८ मध्ये वारल्या. एका बाईनं जगवलेल्या या गंजिफेत एकाही रंगाची धनीण बाई नाही. परशुरामाचा रंग आहे, त्यावर परशू आहे. तो कुणाच्या मानेवर चालला ते रेणुकेला विचारा. तिचं पान नाही. रामाचा रंग आहे. दिवसा खेळ असला तर पहिली उतारी रामाची, रात्री असला तर कृष्णाची. सीता दिवसाही नाही, रात्रीही नाही.

गंजिफेच्या एका रसिक संग्राहकाशी मी हे बोलले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, परंपरा आहे, तिच्यात आजचे विचार घुसवू नयेत. मला वाटतं, परंपरेची पानं त्यांनी पुरती मोजलेली नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन केलं आहे. बारा रंग, १४४ पानं. घोड्यांचा राजा अश्वपती, हत्तींचा गजपती, किल्ल्यांचा गढपती, असे एकेक. त्यातला आठवा रंग बायकांचा. सिंहासनावर दासींच्या मेळ्यात राणी, तिची वजीर म्हणूनही बाईच, आणि एकापासून दहापर्यंतच्या पानांवर बायकाच बायका. अकरावा रंग जंगलाचा: बनपती. राजा वाघ, वजीर बिबट्या, बाकी पानांवर रानातली जनावरं. आणि बादशहानं स्वतः या पत्त्यांत फेरबदल केले, हेही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे परंपरा परंपरा म्हणतात तिच्यात खेळाचा सगळ्यात मोठा शौकीन आपल्या आवडीप्रमाणे चित्रं बदलत होता आणि कुणी त्याला 'आजचे विचार घुसवू नका' म्हणालं नाही!

पण त्या जुन्या पत्त्यांचे गोडवे गायलाही मी तयार नाही. त्या बारा रंगांचे दोन भाग होते. पहिले सहा बलवान, दुसरे सहा दुबळे. बायका आठव्या, जंगल अकरावं. दोघंही दुबळ्यांत. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या बाईनं हे वाचून काय म्हणावं? पुढे जी मोगल गंजिफा रूढ झाली ती ९६ पानांची, आठ रंगांची. त्यात ताज आहे, तलवार आहे, नाणी आहेत, गुलामांचासुद्धा एक रंग आहे. बायका गेल्या आणि जंगलही गेलं.

एक गोष्ट मात्र गंजिफेकडून घेण्यासारखी आहे. तिच्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. एका रंगात जे तळाला, ते दुसऱ्यात प्रधानाच्या मांडीला मांडी लावून बसतं. कुर्मा घरातल्या मुलींनी गंजिफेचं नावही ऐकलेलं नाही, आणि 'मोठं की लहान' हा त्यांचा नियम त्याच जातीचा आहे.

आता जरा दूरचं, पण गरजेचं. माझा पुण्यातला भाचा 'मॅजिक' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं तो रचला, १९९३ साली अमेरिकेत तो बाजारात आला, आणि जमवायच्या पत्त्यांचे आजचे सगळे खेळ त्याच्या मागून आले. हजारो वेगवेगळी पानं आहेत, त्यातून प्रत्येकानं आपला गठ्ठा बांधायचा. भाच्याचे मित्र जमले की खेळ कमी आणि वाद जास्त. या संचाची कल्पना फसली, त्या पानावरचं चित्र खोटं आहे, अमक्या पात्राला कंपनीनं न्याय दिला नाही. मला आधी हा पैसेवाल्या पोरांचा रिकामा उद्योग वाटला. पैशाचा खेळ तो आहेच. एकेका पानाला जे मोजतात त्यात आमच्या कार्यकर्तीचं महिन्याचं मानधन निघेल.

पण ऐका. १९९४ साली त्या खेळात एक पान निघालं होतं, त्याचं नाव 'प्रदेश जिप्सीज'. आपला 'प्रदेश' आणि भटक्यांना हिणवायचा युरोपातला शब्द एकत्र बांधून कुणाच्या तरी डोक्यातून निघालेले भटके. जून २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर, कंपनीनं हे पान आणि त्याबरोबरची आणखी सहा पानं वंशद्वेषी म्हणून स्पर्धांतून बाद केली आणि आपल्या नोंदीतून त्यांची चित्रं काढून टाकली. २०१२ साली एका पानावर पुरुषानं बाईला जमिनीवर दाबून तिचा गळा धरलेला होता, त्यावर खेळणाऱ्यांनीच आवाज उठवला. २०१६ साली भारतावर बेतलेला एक संच आला, त्यातल्या देशाचं नाव 'कलादेश'. त्याचा 'काळा देश' असाही अर्थ लागतो हे ध्यानात आल्यावर २०२५च्या संचात ते बदलून 'आविष्कार' केलं. यातला कंपनीचा धंदेवाईक हिशेब मला दिसतो. सात पानं काढून वंशद्वेष संपत नाही, हेही त्या खेळणाऱ्यांनीच तेव्हा सुनावलं. मला हेवा वाटतो तो त्यांच्या हक्काच्या भावनेचा. पान आम्ही खेळतो, म्हणून त्यावर काय असावं हे आम्ही बोलणार. आपल्या शिबिरांतल्या किती मुलींना असं वाटतं? आपण पोस्टर लावतो, त्या बघतात. आपण पत्ते वाटतो, त्या खेळतात. मग आपण विचारतो 'काय शिकलात?' आणि त्या आपल्याला हवं ते सांगतात. पान कसं आहे हे विचारत नाही.

समितीच्या वतीनं मला एक उत्तर मिळालं आहे: दुर्रीवरचं चित्र बदलू, माळा काढू, 'अज्ञानी'च्या जागी 'अल्पशिक्षित' घालू. नको. माळा काढल्यानं काय होणार? दुर्री तर राहणारच, आणि तिच्या जागी कुणाला बसवायचं हे पुन्हा नागपुरात ठरणार. जे मुळात सडलेलं आहे ते शिक्षणाला, नोकरीला आणि सरकारी पदाला चढत्या क्रमानं लावणं. मोह कधी गळतो, कुठल्या कंदाला कडूपणा असतो, बाळंतिणीला काय द्यावं हे जिला कळतं ती त्या संचात दुर्री, आणि तिला हिडीसफिडीस करणारा राजा! भारी कशात, हा प्रश्न विचारायची सोयच त्या पत्त्यांत ठेवलेली नाही.

कुर्मा घरातून परतल्यावर मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका किशोरी शिबिरात कोरी पानं नेली. जुन्या लग्नपत्रिका सारख्या मापात कापून पाठीमागची कोरी बाजू वापरली. त्यावर गणपतीचं नाक किंवा कुणाच्या तरी मामाचं नाव अर्धवट राहिलं होतं. म्हटलं, तुम्हीच काढा. पहिला तास वाया गेला. सगळ्यांनी गुलाबाची फुलं काढली. मग कुणीतरी फॉरेस्ट गार्ड काढला, हातात काठी, आणि हशा पिकला. त्याला कोणतं पान मारणार यावर भांडण जुंपलं. एक म्हणाली, सरपण. कारण गार्ड एका मोळीला अडवू शकतो, दहा जणींच्या दहा मोळ्या आल्या तर पळतो. म्हणून नियम झाला की सरपणाचं एक पान हरतं, तीन एकत्र टाकली तर जिंकतात. इतका नेमका संघटनेचा धडा मी तरी कुठल्या पुस्तिकेत वाचलेला नाही.

राणीवरून मात्र जमेना. मी हळूच राणी हिराईचं नाव सुचवलं. आपल्या चांद्याची गोंड राणी, नवरा बिरशहा गेल्यावर तिनं त्याची समाधी बांधली, कारभार पाहिला, महाकालीचं देऊळ बांधलं. निम्म्या मुली खूश झाल्या. पण एक अडून बसली. राणी आली की तिच्या घरी पाणी भरणारी आली, ती कोण व्हनार? मग राजा-राणी दोन्ही नको, असं काही जणी म्हणाल्या. मग सगळ्यात मोठं पान कोणतं? मोठं पान पाहिजेच काहून? मत घेतलं, तर दोन्ही बाजूंना सारखी पडली. मला हिराई हवी होती, हे मी लपवलं नाही. पण माझं मत मोजायचं नाही असं आधीच ठरलं होतं.

आणि वाघ. ताडोब्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या प्रत्येक फलकावर, बसथांब्यावर, हॉटेलच्या पाटीवर जंगलाचा राजा म्हणून वाघ आहे, अकबराच्या बनपतीसारखाच. मे २०२५ मध्ये याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघानं मारलं. मला वाटलं होतं मुली वाघाचं पान घेणारच नाहीत. त्यांनी घेतलं, पण राजा केला नाही. हार्ट्समधल्या काळ्या राणीची जागा त्याला दिली, तो खेळ कधी न पाहता. वाघ जिच्या हातात राहील तिला दंड, आणि तो पुढे ढकलता येतो फक्त दोन मुलींनी मिळून पानं टाकली तर, एकटीनं नाही. कारण एकटीनं रानात जायचं नसतं.

गठ्ठा सध्या माझ्याकडे आहे, ३८ पानं. समितीच्या बैठकीला मी तो घेऊन जाणार आहे, आणि दोन मुलींचं गाडीभाडं मागितलं आहे. त्याला अजून मंजुरी आलेली नाही. वाघाच्या पानावर फक्त 'वाघ' एवढं लिहिलेलं आहे. चित्र काढायला कुणी तयार झालं नाही.